सदर पक्षी चिमणी होय

सत्याचा अंतिम विजय १४ जून २०३८ रोजी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी झाला. ठरला होता अकराला. पण मंत्रिमहोदय वाटेत एका सत्काराला अडकले, त्यामुळे सत्याला चाळीस मिनिटं मांडवात बसून गार झालेला चहा प्यावा लागला.

त्या दिवशी राज्यात 'पक्षीसाक्षी' सुरू झाली. प्रत्येक तलावावर, धरणावर, गावठाणाच्या वडावर एकेक पेटी बसवली गेली. आकार जेवणाच्या डब्याएवढा, वर सौरपट्टी, पुढे कॅमेरा, खाली आवाज टिपणारा कान. पेटी पाही, ऐके आणि कुठला पक्षी ते चार सेकंदांत सांगे. त्या दिवसानंतर राज्यात कुणी खोटा पक्षी पाहिला नाही. नवा खराही कुणी पाहिला नाही, पण हे लक्षात यायला पाच वर्षं गेली. ज्याच्या लक्षात आलं त्या माणसाला त्याचा काही उपयोग नव्हता.

तो माणूस म्हणजे चोपड्याचे प्राध्यापक दिगंबर नेहेते. प्राणिशास्त्रातून निवृत्त, वय अडुसष्ट, आणि पेट्या येण्याआधी तापी खोरे पक्षी अभिलेख समितीचे चोवीस वर्षं सचिव. कुणी म्हणालं की मी अमुक दुर्मीळ पक्षी पाहिला, तर तो खरंच पाहिला का हे ही समिती ठरवी. समितीत पाच जण होते, ठरवत नेहेते सर. एकशे एकतीस दाव्यांपैकी त्यांनी एकशे चौदा फेटाळले. माणूस दुष्ट नव्हता. प्रत्येक नकारासोबत ते तीन कारणं देत, क्रमांक घालून, आणि खाली स्वच्छ अक्षरात सही करत.

पेट्या आल्यावर समिती विसर्जित झाली. सरांना शाल-श्रीफळ मिळालं आणि 'मानद पेटीसेवक' ही पदवी. पेटीसेवकाचं काम एवढंच, की दर रविवारी आपल्याला नेमून दिलेल्या पेटीवर पडलेली पक्ष्यांची शीट ओल्या फडक्यानं पुसायची. सरांकडे आडगावचा तलाव होता. तो त्यांनी मागून घेतला नव्हता. दुसरं कुणी घेत नव्हतं म्हणून आला.

आडगावच्या तलावाचा विषय नेहेत्यांच्या घरात निघत नसे. तिथंच फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्या बायकोनं, ज्योत्स्नाबाईंनी, सिंधू चिमणी पाहिली होती.

सिंधू चिमणी ही दिसायला चिमणीच. थोडी लहान, नराच्या गळ्याखालचा काळा डाग अरुंद, डोळ्यामागून उतरणारा तांबूस पट्टा कंसासारखा वळून मानेवर थांबतो. राहते सिंधूच्या काठी, पाण्यावर वाकलेल्या काटेरी झाडांवर. अलीकडे कालव्यांच्या कडेनं ती थोडी पुढे सरकली असली, तरी तापीपर्यंत येण्याचं तिला काही कारण नव्हतं. ज्योत्स्नाबाई दोन तास बाभळीखाली बसल्या होत्या. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला तोंडी काही सांगितलं नाही. रीतसर अर्ज भरला. 'आवाज' या रकान्यात लिहिलं, 'चिमणीसारखाच, पण शेजारी कुणी झोपलं आहे म्हणून हळू बोलणारा.'

दावा क्रमांक अठ्ठ्याऐंशी. सचिवांनी पंधरा दिवस अभ्यास केला. उत्तर पोस्टानंच जायचं असा समितीचा नियम होता, म्हणून त्यांनी ते पोस्टानं पाठवलं. तीन दिवसांनी पोस्टमन आला, सरांनीच दार उघडलं, पाकीट घेतलं आणि स्वयंपाकघरात नेऊन दिलं.

'१) सदर पक्षी चिमणी (नर) होय. २) आवाजाचे वर्णन शास्त्रीय नाही. ३) दुसरा जाणकार साक्षीदार नाही. निरीक्षकाचा उत्साह समजण्यासारखा आहे.'

ज्योत्स्नाबाईंनी पत्र वाचलं, घडी केली, आणि ओट्यावरच्या डब्याखाली कागद लागतो तिथं अंथरलं. भांडल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक पक्ष्याला चिमणी म्हणायला सुरुवात केली. खिडकीत बुलबुल आला, "अहो, चिमणी आली." शेतात मोर नाचला, "केवढी मोठी चिमणी, नाही?" एकदा हतनूर धरणावर शेदोनशे रोहित पक्षी एकदम उडाले, सगळी बस उभी राहून बघत होती, आणि बाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "गुलाबी चिमण्या."

बावीस वर्षं. एकदाही चुकल्या नाहीत.

*

जानेवारी २०४३ मध्ये जळगावच्या डॉक्टरांनी ज्योत्स्नाबाईंचं हृदय वीस टक्के चालतंय असं सांगितलं. सरांनी विचारलं, वीस म्हणजे किती दिवस. डॉक्टर म्हणाले, "महिना. सव्वा महिना. शक्यता आहे, खात्री नाही." सरांना आयुष्यात पहिल्यांदाच असं वाटलं की हा माणूस चुकत असावा, आणि त्याच्याविरुद्ध त्यांच्याकडे एकही मुद्दा नव्हता.

एक फेब्रुवारीला, रविवारी, ते फडकं आणि पाण्याची बाटली घेऊन आडगावला गेले. शिडीवर चढले, सौरपट्टी पुसली. खाली उतरताना पाण्यावर वाकलेल्या बाभळीतून आवाज आला.

चिमणीचाच. पण शेजारी कुणी झोपलं आहे म्हणून हळू बोलणारा.

सरांचा एक पाय शिडीवर, एक जमिनीवर राहिला. वर बघायच्या आधीच त्यांना कळलं होतं. करड्या टोपीचा लहानसा नर काट्यात बसला होता. गळ्याखाली शाईचा एकच थेंब सांडल्यासारखा डाग. डोळ्यामागचा पट्टा वळून मानेवर थांबला होता, अर्जात रेखाटला होता अगदी तसा. सरांनी चाळीस मिनिटं तो पाहिला, आवाज टिपून घेतला, सहा फोटो काढले. चार हलले.

तलावाचा राखणदार सुभान तडवी विडी विझवून जवळ आला. "काय पाहू राहिले सर?"

"काही नाही रे. पेटी काय म्हणते बघतो."

पेटी म्हणाली, घरचिमणी, नर, खात्री ९९.९९७ टक्के. सरांनी स्वतःची नोंद भरली, दोन स्थिर फोटो जोडले, सात मुद्दे लिहिले. चौथ्या सेकंदाला उत्तर आलं:

'सदर पक्षी चिमणी (नर) होय. निरीक्षकाचा उत्साह समजण्यासारखा आहे.'

सर खालीच बसले.

"बाई त्या साली याच झाडाखाली बसल्या व्हत्या," सुभान म्हणाला. "मीबी पाह्यला होता. मी म्हनलो होतो बाईंना, माझी साक्ष लावा. तुमच्या कागदात राखनदार चालत नव्हता."

"जाणकार पाहिजे होता, सुभान."

"हां. तेच ते." सुभाननं बाभळीकडे पाहिलं. "सर, बाईंना आना ना एक डाव. मी खाट टाकतो हितं. रिक्षा पार तलावाच्या पाळीपर्यंत येते."

सर म्हणाले, "आणतो. आधी नोंद होऊ दे."

त्यांचं गणित साधं होतं. ज्या बाईला पत्र देऊन खोटं ठरवलं, तिला तोंडी खरं ठरवून कसं चालेल? नकार जितका पक्का होता, तितकाच होकार पक्का पाहिजे. कागद पाहिजे, शिक्का पाहिजे, अठ्ठ्याऐंशी क्रमांकापुढे 'स्वीकृत' पाहिजे. तो कागद ते हातात ठेवणार होते, आणि मग तिला जे बोलायचं ते ती बोलणार होती. तोपर्यंत घरात काही बोलायचं नाही. अपुष्ट नोंदीची वाच्यता करू नये, हा त्यांनीच घालून दिलेला नियम होता.

त्या दिवशी ज्योत्स्नाबाई स्वतः जिना उतरून खाली भाजीवाल्याकडे गेल्या होत्या. मेथी आणली होती.

*

जिल्हा पक्षीनोंद कक्षात बसणारा फालक सरांचा विद्यार्थी. शिक्षकाला खुर्ची देताना स्वतः अर्धा उभा राही असा मुलगा, आता पन्नाशीचा.

"सर, फोटो एक नंबर आहेत. पण सिस्टिमच घेत नाही हो."

"का घेत नाही?"

"पेटी दोन गोष्टींचा गुणाकार करते. एक, पक्षी दिसतो कसा, ऐकू येतो कसा. दोन, तो इथं असण्याची मुळात शक्यता किती. आता बघा, सकाळी सहाला तुमची बेल वाजली, तर कोण असेल?"

"दूधवाला."

"पावलांचा आवाज हुबेहूब राज्यपालांसारखा आला तर?"

"तरी दूधवालाच."

"बस! सिंधू चिमणी आपल्याकडे असण्याची शक्यता चाळीस लाखांत एक. तुम्ही कितीही झकास फोटो लावा, त्याला चाळीस लाखांनी भागल्यावर काय उरणार? निरीक्षक म्हणून तुमचा विश्वासांक शंभरात सत्त्याण्णव आहे, अख्ख्या खानदेशात सगळ्यात जास्त. कारण तुम्ही कधी काही नवीन पाहिलंच नाही. तरी भागत नाही."

"आणि ही शक्यता पेटी कुठून आणते?"

"आधी मान्य झालेल्या नोंदींवरून."

"आणि नोंद मान्य कशी होते?"

"शक्यता असली तर." फालकनं नजर खाली घातली. "हे तुमचंच आहे, सर. वर्गात सांगायचात ना, आधी शक्यता, मग डोळे. पेटीला शिकवायला जुनी पत्रं लागली, तेव्हा एकशे चौदा नकार एकाच हस्ताक्षरात दुसरीकडे कुठं मिळणार होते?"

सर उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेले. मग त्यांनी विचारलं, शक्यता वाढते कशी. फालक म्हणाला, आजूबाजूच्या पेट्यांनी तसा आवाज ऐकला तर. पेटीनं 'तोच' म्हणायची गरज नाही. 'अनिर्णित' म्हटलं तरी चिमूटभर वाढते. पक्षी काही विमानानं येत नाही, वाटेत कुठंतरी टेकला पाहिजे. शहाद्यापासून आडगावपर्यंत नदीकाठच्या तीसएक पेट्यांनी ऐकलं, की आडगावची नोंद आपोआप पास. आणि तिथली एक पास झाली, की तिथल्याच जुन्या फेटाळलेल्या पुन्हा उघडतात.

"म्हणजे मॅडमची अठ्ठ्याऐंशी नंबर," फालक म्हणाला.

"तुला नंबर पाठ आहे?"

"सगळ्यांनाच आहे, सर."

"असं व्हायला किती वेळ लागेल? आपणहून?"

"दहा-बारा वर्षं." फालकनं समोरचा कागद बाजूला केला. "मॅडम कशा आहेत?"

"वीस टक्के," सर म्हणाले.

*

पक्ष्याचा टिपलेला आवाज कर्ण्यावर वाजवून पक्षी जवळ बोलावणं हे पक्षीनिरीक्षकांत पाप. बिचारा समजतो प्रतिस्पर्धी आला, आणि अंडी सोडून भांडायला येतो. २०२९ मध्ये झोपे नावाच्या सभासदानं घुबडाचा आवाज वाजवला, म्हणून नेहेते सरांनी त्याला भर सभेत पक्षीनिरीक्षकांच्या मंडळातून काढून टाकलं होतं. चौदा वर्षांनी ते झोप्यांच्या दारात उभे राहिले.

"तो कर्णा आहे का अजून?"

झोप्यांनी आधी आत बोलावलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि मग चौदा वर्षं जपून ठेवलेलं वाक्य काढलं. "पक्ष्याला फसवू नये म्हणून मला हाकललंत, सर."

"पक्ष्याला नाही फसवायचं. पेटीला फसवायचंय."

"कशासाठी?"

"पक्षी खरा आहे म्हणून."

झोप्यांनी यावर विचार केला. त्यांना त्यात काही चूक सापडली नाही, आणि ते गाडीची किल्ली शोधू लागले.

पुढचे बारा दिवस दोन म्हातारे शहाद्यापासून पूर्वेला सरकत राहिले. खांब दिसला की गाडी थांबवायची, कर्णा काठीला बांधून पेटीच्या कानापाशी धरायचा, चिवचिव वाजवायची. एका पेटीला सात वेळा, मधे अंतर ठेवून, कारण खरा पक्षी सलग बोलत नाही हे सरांना माहीत होतं. पेटी 'घरचिमणी' म्हणायची, पुन्हा 'घरचिमणी' म्हणायची, आणि पाचव्या-सहाव्या वेळेला थबकून 'अनिर्णित'. त्या एका शब्दासाठी सर काठी धरून उन्हात उभे राहत.

एका गावात पारावरची मंडळी उठून आली. "टावरचे का हो तुम्ही?"

"नाही."

"मंग हे काय?"

"चिमणीचा आवाज ऐकवतोय त्याला."

पारावरच्यांनी वर पाहिलं. पेटीच्या डोक्यावर तीन चिमण्या बसल्या होत्या. "त्याला कमी पडू राहिला का?" एकानं विचारलं.

रोज निघताना सर घरी सांगत, पेटी पुसायला जातो.

"रोज?" ज्योत्स्नाबाई म्हणत. "पोट बिघडलं का चिमण्यांचं?"

पहिल्या आठवड्यात त्या हे गॅलरीत उभ्या राहून म्हणत. मग खुर्चीत बसून. नंतर पलंगावरून, आणि वाक्य दोन श्वासांत तुटू लागलं. शेजारच्या सरोजताई दिवसभर येऊन बसत, आणि सर परत आले की त्यांच्याकडे असं बघत, की सर चप्पल काढायलाही बाहेरच थांबत. नवव्या दिवशी झोपे गाडी बाजूला घेऊन म्हणाले, "सर, एक विचारू? वहिनींना सांगून टाका ना सरळ. माझा शब्द नको, तुमचा शब्द."

"माझ्या शब्दाची किंमत तिला माहीत आहे," सर म्हणाले. "अजून नऊ पेट्या आहेत."

सुभानचा दोनदा फोन आला. पक्षी आहे, खाट टाकून ठेवली आहे. तिसऱ्यांदा आला तो सोळा तारखेला. "सर, परवापासून नाही दिसत. गेला वाटतं."

सर म्हणाले, हरकत नाही, नोंद होतेय.

*

मंगळवार, सतरा फेब्रुवारी, सकाळी नऊ दहाला आडगावची नोंद मान्य झाली. 'सिंधू चिमणी, नर. स्वीकृत.' सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. ते शेवटचे कधी आनंदानं रडले होते ते त्यांना आठवत नव्हतं, त्यामुळे नक्की तेच होतंय का याची त्यांनी खात्री करून घेतली. हा आनंद अकरा मिनिटं टिकला.

नऊ एकवीसला चोपडा बसस्थानकावर सिंधू चिमणी दिसली. नऊ बावीसला शिरपूरच्या बाजार समितीत चारशे. दहा वाजेपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक वळचणीला, तारेवर, किराणा दुकानाच्या पोत्यावर सिंधू चिमणी होती. फालकचा फोन आला तेव्हा तो बसूनही धापा टाकत होता.

"सर, काय केलं तुम्ही?"

"मी काय केलं?"

"या दोन पक्ष्यांत फरक किती? गळ्यावरचा डाग आणि मानेवरचा पट्टा! पेटीला तो धड दिसतही नव्हता. ती नुसत्या शक्यतेवर चिमणी म्हणत होती. शक्यता एका टोकाला होती तोवर सगळ्या घरचिमण्या होत्या. तुम्ही काटा उचलून दुसऱ्या टोकाला नेला, आता सगळ्या सिंधू. तिनं एक मान्य केली, मग तिच्या बळावर दुसरी, दोघींच्या बळावर तिसरी-चौथी. आता थांबत नाही ती."

"अठ्ठ्याऐंशी?"

"अं?"

"अठ्ठ्याऐंशी उघडली का, फालक?"

"उघडली. मान्य झाली." फालकचा आवाज बारीक झाला. "सर, जुने सगळे फोटो पण उघडलेत तिनं. महाराष्ट्रभरचे. मॅडमची नोंद झालीय, पण तारखेच्या क्रमानं सहा हजार दोनशे चौथी."

"आणि पहिली?"

फालक सांगायच्या आत उत्तर सरांच्या फोनवर आपणहून आलं, तिरंगी किनारीचं, शिक्क्यासकट. 'राज्यातील सिंधू चिमणीच्या प्रथम नोंदीचा मान: प्रा. दिगंबर नेहेते, चोपडा. दिनांक ४ ऑक्टोबर २००९.' सोबत फोटो. नवा कॅमेरा चालतो का बघायला सरांनी गॅलरीत काढलेला. कपडे वाळत घालायच्या दोरीवर एक चिमणी.

"ती घरचिमणी आहे!" सर ओरडले. "माझ्या दोरीवरची! फोटोत माझा पायजमा वाळतोय, फालक!"

"पायजमा ती बघत नाही, सर. आक्षेप नोंदवा."

सरांनी स्वतःच्या नोंदीविरुद्ध आक्षेप नोंदवला. सात मुद्दे लिहिले. चार सेकंदांनी उत्तर आलं: 'सदर पक्षी सिंधू चिमणी (नर) होय. निरीक्षकाचा संकोच समजण्यासारखा आहे.' त्यांनी पुन्हा नोंदवला. दिवसभर नोंदवत राहिले. संध्याकाळी एका मिनिटात तीन पाठवल्यावर त्यांचा विश्वासांक चारवर आला आणि आक्षेपाची खिडकी बंद झाली. फालकनं वरच्या साहेबांना फोन केले. साहेबांनी सांगितलं, राज्याच्या पक्षीसंपदेत एका दिवसात चाळीस हजारांची वाढ झाली आहे, मंत्रालयात पेढे वाटलेत, तुम्हाला नक्की काय दुरुस्त करायचंय?

*

एकोणीस तारखेला दुपारी सरांनी सरोजताईंना घरी पाठवलं आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली. हातात कागद नव्हता. त्यांना हाताचं काय करावं ते कळेना.

"ज्योत्स्ना. एक सांगायचंय."

"पेटी... पुसून झाली?"

"एकवीस साली तू पाहिलीस ती सिंधू चिमणीच होती. मी पाहिली. त्याच बाभळीवर. नर होता."

ज्योत्स्नाबाईंनी डोळे उघडले. छताकडे पाहतच त्यांनी विचारलं, "कधी?"

"एक तारखेला."

त्यांनी चादरीवरची बोटं एकेक करून हलवली. मोजत होत्या. "आज एकोणीस."

"हो."

"एक तारखेला मी मेथी आणली."

"हो."

"रिक्षात... बसले असते मी."

"हो."

"मग?"

"नोंद व्हायची होती," सर म्हणाले.

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पुष्कळदा उच्चारलं होतं. इतकं पोकळ ते कधी वाजलं नव्हतं. ज्योत्स्नाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता. रागाला वीस टक्क्यांपेक्षा जास्त लागतं.

"पत्र टाकायचं होतंत," त्या म्हणाल्या. "पोस्टानं."

सरांना हसायचं की नाही ते ठरवता आलं नाही, आणि ठरवायच्या आत त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघून गेला. मग त्यांनी फोन काढला. दोन आठवडे तापीकाठच्या एकतीस पेट्यांना जो आवाज ऐकवून फसवलं, तो त्यांनी बायकोच्या उशीपाशी लावला. आधी नुसता वारा, मग सुभानचं खोकणं, मग बाभळीतून तो.

ज्योत्स्नाबाईंनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर बोट हलवलं, पुन्हा. सरांनी पुन्हा लावला. चौथ्यांदा झाल्यावर त्या म्हणाल्या, "हळू बोलतो. नाही?"

"हो. शेजारी कुणी झोपलं असल्यासारखा."

"शास्त्रीय नाही ते," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

दुपार कलली. खिडकीच्या गजावर ऊन आलं. रोज या वेळेला तिथं कुणीतरी येऊन बसायचं, आज गज रिकामा होता. ज्योत्स्नाबाई तिकडे पाहत होत्या.

"तो बुलबुल..." त्या म्हणाल्या. "आला नाही... आज?"

सर उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. बावीस वर्षांत हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता. त्यांना वळून म्हणायचं होतं की बुलबुलच तो, लाल बुडाचा, तू अगदी बरोबर ओळखलास. पण आता त्यांची मान्यता कुणाला हवी होती?

"येईल," ते म्हणाले.

तो दुसऱ्या दिवशी आला. ज्योत्स्नाबाई आणखी आठ दिवस होत्या. सत्तावीस तारखेला पहाटे गेल्या. सरोजताईंनी ओटा आवरताना डब्याखालचा जुना कागद काढून नवा घातला. जुन्यावरची शाई तेलानं फुटली होती, सही तेवढी वाचता येत होती.

वीस मार्चला, जागतिक चिमणी दिनी, जिल्ह्यातून घरचिमणी नामशेष झाल्याचं अधिकृतपणे जाहीर करण्यात आलं. सलग एकतीस दिवस एकाही पेटीत तिची नोंद नव्हती. कार्यक्रम चोपड्यातच झाला. सिंधू चिमणीच्या प्रथम नोंदीचे मानकरी म्हणून नेहेते सरांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. मांडवातल्या चिमण्यांच्या गोंगाटामुळे माइकचा आवाज दोनदा वाढवावा लागला.